पिठातलं पाऊल

पिठात पाऊल उमटलं होतं, आणि त्या पावलाला जोडवी नव्हती.

मी कोठीच्या उंबऱ्याबाहेर उकिडवी बसून बघत राहिले. सकाळी घरातली सगळी मळ्यात गेल्यावर मी आतल्या काळ्या फरशीवर चाळणीनं ज्वारीचं पीठ पसरलं होतं. कोपऱ्यातल्या पेटीपासून सुरुवात करून मागं सरकत सरकत दारापर्यंत. आता दुपार झाली होती. गौरी येतात तेव्हा आपण दारातून आत जाणारी पावलं काढतो, तशीच ही आत गेली होती. फक्त पांढऱ्यावर काळी.

आमच्या घरात बायका तीन. माझ्या पायात जोडवी. आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूच्या पायात जोडवी. शालन वन्संच्या पायात नवरा गेल्यापासून नव्हती.

शेजारी एक जोडव्याचं पाऊलही होतं. ते माझंच असणार म्हणून मी सोडून दिलं आणि सगळ्यावर केरसुणी फिरवली.

*

पेटी म्हणजे अंडी उबवायचं मशीन. माझा भाऊ वायरमन. त्यानं जुन्या लाकडी पेटीत दोन बल्ब, एक पंखा आणि ऊब बघायचा काटा बसवून दिला होता. वर काचेचं झाकण. मागच्या फळीला बोटभर रुंदीची भोकं, हवेसाठी. पेटी टेबलावर, भोकं भिंतीकडं.

आमचं गाव उजनीच्या पाण्याच्या काठावर. बदकं आमच्याकडं आधीपासून. पण बदकीण अंडं घालते आणि विसरते. त्यामुळं बदकाची अंडी कायम खुडूक कोंबडीखाली ठेवायची. कोंबडी बिचारी जीव लावून पिल्लं काढायची, आणि ती पाण्यात शिरली की काठावर नुसता आकांत करायची. मला कोंबडी नको होती. मला पुष्कळ बदकं हवी होती, आणि माझ्या हातची हवी होती.

पहिल्या खेपेला एकही पिल्लू बाहेर आलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी अंगणात बसून एक अंडं फोडून दाखवलं. आत सगळं तयार होतं. चपटी चोच, पडद्याचे पाय, पिवळी लव. फक्त मान खाली.

"गुदमरलंय," डॉक्टर म्हणाले. "शेवटी शेवटी पिल्लू आत श्वास घ्यायला लागतं, आवाजही करतं. तेव्हा हवा पुरली नसेल. नाहीतर कुणीतरी सारखं झाकण उघडून आतली ओल घालवली असेल. कोण उघडतं?"

डॉक्टरांनी दोन कारणं सांगितली होती. आमच्या घरात एकच ऐकू गेलं.

कोण उघडतं?

*

कुणी तिचं नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजच पडली नाही.

शालन वन्संचं बाळ पोटातच गेलं होतं, दिवस भरल्यावर. पुढच्याच वर्षी मोटारीचा शॉक लागून नवरा गेला. सासरी दिराकडं जनावरांच्या छपरात तिला झोपायला जागा दिली होती, म्हणून ती इकडं आली. पहिल्या खेपेला ती कोठीत एकदाच डोकावली होती. ते एकदाच सगळ्यांच्या ध्यानात राहिलं.

मामा, म्हणजे माझे सासरे, जेवताना ताटाकडं बघत म्हणाले, "मी शालीच्या दिराला निरोप धाडलाय. पुढच्या बाजारी येतोय. तवर ही दुसरी अंडी फुटत्याल. पिल्लं निघाली तर तो च्या पिऊन जाईल. न्हाई निघाली, तर हिला घिऊन जाईल."

वन्सं तव्यावरची भाकरी उलटत होती. तिनं ती उलटली.

"मीठ कमी पडलंय का आमटीला?" तिनं विचारलं.

*

आता मला जे जे दिसलं ते सांगते. त्या वेळी दिसलं त्याच क्रमानं.

झाकणाची कडी मी उजवीकडं ओढून लावायचे. एकदा ती डावीकडं होती.

कोठीत एरंडेलाचा वास होता. दिवा न लावता दिव्याचा वास.

मग काळे ठिपके. प्रत्येक अंड्याच्या रुंद टोकावर एक. बोटानं टेकवलेला, चिकट, न पुसला जाणारा. मी एकेक अंडं उजेडाला धरून पाहिलं. आत रक्ताचं जाळं नीट होतं, मधला काळा गोळा हलत होता. पण ते ठिपके पाहून मी हातातलं अंडं हळूच परत ठेवलं. अमावास्येला कुणीतरी उंबऱ्यावर टाकलेल्या लिंबावर असं काळं असतं.

मी कुणाला बोलले नाही. आत्याबाईंना सोडून.

त्या परसात शेंगा फोडत होत्या. मी जवळ जाऊन बसले.

"आत्याबाई, अंड्यांवर काळं लावलंय कुणीतरी."

त्यांचा हात थांबला नाही. "असंल."

"असंल काय? कुणी लावलं?"

"तू पुसू नगंस."

"का बरं?"

"लावलंय ते लावलंय. पुसलं की इपरीत होतं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "कांते, शाली कोठीकडं जाती का गं?"

"तुम्ही पाह्यलंय का?"

"म्या कुठं काय म्हणलं? इचारलं नुसतं."

बस. तेवढं पुरलं. आईच आपल्या पोरीबद्दल असं विचारते म्हटल्यावर माझ्या मनात उरलंसुरलं ते गेलं.

*

शेवटचे दिवस आले. ह्या दिवसांत अंडी फिरवायची नसतात, झाकण उघडायचं नसतं. आत पाण्याची वाटी भरून ठेवायची आणि हात बांधून बसायचं. आता आत जायचं कुणालाच कारण नव्हतं. म्हणून मी पीठ टाकलं.

आणि पाऊल सापडल्यावर मी तिच्यामागं लागले.

"वन्सं, दुपारी कुठं होता?"

"बदकं वळवीत हुते पाण्यावरनं."

"बदकं तर अंगणात होती."

"मग वळवून आणली असतील की मीच." ती हसली. मला ते हसणं आवडलं नाही. "काय गं कांता, पोलिसात भरती झालीस जणू."

"तळव्याला पीठ लागलंय तुमच्या."

तिनं पाय वर करून पाहिला. खरंच लागलं होतं. तिनं ते हातानं झटकलं, आणि मग एकदम माझ्याकडं बघितलं. तिला कळलं. मी पीठ का टाकलं ते कळलं, आणि घरातल्या घरात तिच्यासाठी सापळा लावला गेलाय हेही कळलं. मला वाटलं, आता ही भांडेल, रडेल, काहीतरी करेल.

"चाळणीचं पीठ वाया घालवू नगंस," ती म्हणाली. "ज्वारी महाग हाय."

*

दुसऱ्या दिवशी, दुपार. मी अंगणात धुणं वाळत घालत होते. कोठीतून टेबल सरकल्याचा आवाज आला.

मी पळत गेले.

मी जे पाहिलं ते असं: पेटी भिंतीपासून ओढून तिरकी केलेली. शालन वन्सं मागं गुडघ्यांवर. तिच्या एका हातात कापडाच्या बारीक बारीक पुरचुंड्या, दुसरा हात पेटीच्या पाठीत. फरशीवर मोहरी सांडलेली, मीठ सांडलेलं, लाल मिरचीच्या बिया. ती आणखी एक पुरचुंडी ओढून काढत होती.

नाही. तेव्हा मी असं सांगितलं नाही. "काढत होती" असं मी म्हणालेच नाही. मी ओरडले ते असं:

"मामा! आत्याबाई! या, बघा! पेटीत करणी घालतीय ही!"

*

मामा हातातल्या कासऱ्यासकट आले. त्यांनी फरशीवरची मोहरी पाहिली, पुरचुंड्या पाहिल्या आणि पोरीकडं न बघता बोलले.

"कापडं भर."

"आण्णा, ऐकून तरी घ्या."

"काय ऐकू? हातात हाय तुझ्या."

"हातात हाय ते मी आणलं न्हाई."

"मग कुणी आणलं?"

वन्संनं तोंड उघडलं, हातातल्या कापडाकडं पाहिलं आणि तोंड मिटलं. मला तिचं ते गप्प बसणं म्हणजे कबुली वाटली. मी पुढं सरसावले.

"ठिपके बी तुम्हीच लावले ना? पीठ कुणी तुडवलं? बोला की आता!"

एवढ्यात आत्याबाई दारात आल्या. त्यांनी आम्हा तिघांकडं बघितलंच नाही. त्यांची नजर थेट पेटीच्या मागच्या फळीवर गेली, उघड्या भोकांवर. आणि त्या वाकल्या, फरशीवरच्या दोन पुरचुंड्या उचलल्या आणि भोकाकडं धावल्या.

"आधी झाका! ही हितं उभी हाय नि भोकं उघडी ठिवल्यात! झाका की!"

कुणी हललं नाही.

मामांनी विचारलं, "हे भोकातनं निघालं, ते तुला कसं ठावं?"

मी आत्याबाईंच्या हातातलं कापड पाहिलं. शेवाळी रंग, कडेला बारीक लाल रेघ. आत्याबाईंचं ते लुगडं विरलं तेव्हा मीच त्याची फडकी केली होती. आणि मग मला पीठ आठवलं. मी पेटीपासून मागं सरकत दाराकडं आले होते. पिठावर माझं एकही पाऊल उमटायला नको होतं.

"आत्याबाई, जोडव्याचं पाऊल तुमचं होतं," मी म्हणाले.

"असंल. माझ्या घरात माझं पाऊल नसायला काय झालं?" त्यांच्या आवाजात चोरटेपणा अजिबात नव्हता. उलट त्या आमच्यावरच वैतागल्या होत्या. "व्हय, म्याच घातलं. तीट बी म्याच लावली अंड्यान्ला, एरंडेलाच्या काजळाची. तुला पुसू नगं म्हणलं न्हवतं का, कांते? लेकराला लावतो तशी लावली. मागल्या बारीला बी पिल्लं बोलाय लागली तशी भोकं बुजवली. आवाज झाला की नजर येती. पर मागल्या बारीला तीट लावायची राहिली, तिथं चुकलं."

"मागच्या खेपेलाही बुजवली होती?" मी विचारलं. "आणि मग काढली कधी?"

"पेटी रिकामी केलीस तवा. कशाला?"

डॉक्टरांचं पहिलं कारण मला आत्ता ऐकू आलं. मी मामांकडं पाहिलं. त्यांनाही ते ऐकू आलं असावं, कारण ते कासरा हातात गुंडाळत राहिले, गुंडाळत राहिले.

"कुणाच्या नजरंपासनं, आई?" वन्संनं विचारलं.

आत्याबाईंनी हातातल्या पुरचुंड्या पदराआड केल्या.

"सांग की. घरात कोण परकं आलं?"

"पोटच्या पोरीला तोंडावर कसं म्हणायचं, की बघू नगंस म्हणून?" आत्याबाईंचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "म्हणून बुजवली. तुला कळायच्या आत व्हावं म्हणून बुजवली. तुझं काय वाईट केलं का म्या?"

"म्हणायचंस तोंडावर. मी डोळं मिटून बसले असते."

"शाले..."

"आणि डोळं मिटूनच बसत हुते, आई. मी बघत न्हवते. ऐकत हुते. आतनं बोलत्यात ती. हितं भोकाला हात लावला की ऊन ऊन वारं यायचं, झोपल्या लेकराच्या तोंडातनं येतं तसं. काल आले तर वारं न्हाई. आवाज बी बारीक झालेला. म्हणून आज पेटी वडली." तिनं हातातल्या पुरचुंड्या फरशीवर ठेवल्या, एकीशेजारी एक. "वडल्यावर लुगडं वळखलं."

मग ती उठली. तिनं आईपुढं हात पसरला.

"डबी दे."

"कसली?"

"काजळाची. कनवटीला हाय तुझ्या."

आत्याबाईंनी का कुणास ठाऊक, मुकाट्यानं डबी काढून दिली. वन्संनं झाकण उघडलं, करंगळी बुडवली. मामा एक पाऊल पुढं आले आणि थांबले. वन्संनं आईची हनुवटी धरली, लहान पोराची धरतात तशी, आणि तिच्या उजव्या गालावर काजळाचा ठिपका टेकवला. ठसठशीत.

"झालं," ती म्हणाली. "आता तुला माझी लागायची न्हाई. आता बघू दे मला तुझ्याकडं."

आणि ती बघत राहिली.

*

मी राहिलेली भोकं मोकळी केली. पेटी आता भिंतीला लावली नाही, खोलीच्या मधोमध ठेवली.

पहिल्या अंड्याला संध्याकाळी चीर गेली. त्यातून चोचीचं टोक दिसलं, आणि मग काहीच नाही. कितीतरी वेळ काहीच नाही.

"काढ की फोडून," आत्याबाई म्हणाल्या. गालावर ठिपका तसाच. "मरंल ते."

माझाही हात झाकणाकडं गेला. डॉक्टरांनी बजावलं होतं की कवच ओढून काढायचं नाही, आतल्या पडद्यात रक्त असतं, घाई केली तर पिल्लू रक्त जाऊन मरतं. पण समोर ते निपचित पडलेलं असताना राहवत नाही.

"ऱ्हाऊ द्या," वन्सं मागून म्हणाली. ती लांब, दारात बसली होती, पेटीकडं पाठ करून. "दम खातंय. येतोय मला आवाज."

"पुढं या की," मी म्हणाले.

"नगं. हितनं येतोय."

आत्याबाई उठल्या. मला वाटलं, त्या बाहेर जाताहेत. त्या वन्संजवळ गेल्या, दंडाला धरून तिला उठवलं आणि पेटीसमोर आणून बसवलं. मग स्वतः तिच्या शेजारी बसल्या, पण तोंड दुसरीकडं करून.

कवचाचं टोपण गोल कापलं गेलं आणि ओलं, कुरूप, मोठ्या पायांचं काहीतरी बाहेर लोळलं. त्याच्या डोक्याला टोपणाचा तुकडा चिकटला होता, तीट असलेला.

सगळी आली नाहीत. काही अंडी तशीच राहिली, पेटीला कान लावला तरी गप्प. ती कशामुळं राहिली हे घरात कुणी कुणाला विचारलं नाही. मामांनी ती बांधापलीकडं नेऊन पुरली.

*

दोन दिवसांनी, बाजारच्या दिवशी, वन्संचा दीर मोटारसायकलवर आला. पायजम्याला इस्त्री, कपाळाला अष्टगंध. त्यानं वन्संचं बोचकं बांधायला मागं दोरीसुद्धा आणली होती.

अंगणात परातीतल्या पाण्यात पिल्लं धडपडत होती. वन्सं त्यांना भरडा घालत होती. ती उभी राहिली आणि पदर सारखा केला. पिल्लं तिच्या पायात आली.

मामा ओसरीवर होते. त्यांनी त्याला "बसा" म्हटलं आणि घोंगडी झटकून अंथरली.

आत्याबाई चहाची कपबशी घेऊन आतून आल्या. मी मागं उभी होते. मला त्यांचा गाल दिसत नव्हता, त्याचं तोंड दिसत होतं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "च्या घ्या नि जावा. लांबचा पल्ला हाय."

"आणि वहिनी?"

"वहिनीला काम हाय. दिसत न्हाई का?"

त्यानं मामांकडं पाहिलं. मामा पिल्लांकडं बघत होते. त्यानं चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि बशीवरून वर बघितलं.

"मावशी, गालाला काय लागलंय तुमच्या? काजळ?"

आत्याबाईंचा हात गालाकडं गेला. मध्येच थांबला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकीनं लावलंय. ऱ्हाऊ द्या."